दबा आणि वेषांतर : सैनिकी छद्मावरणाच्या इतिहासातील एक अंतर्विरोध

मराठीत 'दबा धरणे' आणि 'वेषांतर करणे' ह्या दोन क्रिया वेगळ्या मानल्या जातात. दबा धरून बसलेला मनुष्य स्वतःविषयी काहीच सांगत नाही. वेषांतर केलेला मनुष्य स्वतःविषयी खोटे सांगतो. संस्कृतातील 'छद्मन्' हा शब्द मात्र हे दोन्ही अर्थ पोटात घेतो. तो 'छद्' म्हणजे झाकणे ह्या धातूपासून आला असला, तरी आच्छादनाप्रमाणेच कपट, मिष आणि सोंग हेही त्याचे अर्थ आहेत. 'कॅमूफ्लाज' ह्या फ्रेंच शब्दासाठी 'छद्मावरण' ही संज्ञा रूढ झाली, तेव्हा ही संदिग्धताही तिच्याबरोबर आली. अर्थात फ्रेंच शब्दाचे कुळही फारसे सोवळे नाही. ज्या क्रियापदापासून तो बनला, ते एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या चोरबोलीत वेष पालटण्याच्या अर्थाने वावरत होते. पहिल्या महायुद्धाने त्याला सैन्यात भरती करून घेतले आणि तेथूनच तो इंग्रजीत व जगभर गेला.

युद्धविषयक आंतरराष्ट्रीय विधीने मात्र मराठी वाक्प्रचारांतला हा भेद काटेकोरपणे पाळलेला दिसतो. १८९९ च्या हेग परिषदेत संमत झालेल्या आणि १९०७ मध्ये सुधारलेल्या नियमावलीच्या पहिल्याच कलमात, स्वयंसेवकांच्या पथकांना योद्ध्यांचे हक्क मिळण्यासाठी काही अटी घातल्या आहेत. दुरून ओळखता येईल असे निश्चित चिन्ह अंगावर असावे, ही त्यांपैकी एक होय. त्याच नियमावलीने शत्रूच्या गणवेशाचा अनुचित वापर निषिद्ध ठरविला. १९४९ च्या जिनीव्हा कराराचा पहिला अतिरिक्त मसुदा १९७७ साली तयार झाला. विश्वासघात आणि युद्धातील डावपेच ह्यांत त्याने स्पष्ट रेषा आखली आणि छद्मावरणाचा उल्लेख नाव घेऊन अनुज्ञात डावपेचांत केला. म्हणजे दबा धरण्यास मुभा आहे, वेषांतरास नाही. पण दुरून ओळखू यावे आणि दुरून दिसू नये, ह्या दोन मागण्या एकाच वस्त्राकडून कशा पुऱ्या व्हाव्यात? प्रभावी नमुन्याचा प्रश्न केवळ रंगशास्त्राचा नाही, ह्याचे कारण येथे आहे. गणवेशाला दोन वाचक असतात, शत्रू आणि स्वकीय. आणि एकाला जे वाचता येऊ नये ते दुसऱ्याला क्षणात वाचता आले पाहिजे.

ह्या इतिहासाचा आरंभ पेशावरमध्ये झाला. हेन्री लॉरेन्स ह्याच्या योजनेनुसार डिसेंबर १८४६ मध्ये लेफ्टनंट हॅरी लम्सडेन ह्याने तेथे 'कोअर ऑफ गाइड्स' हे पथक उभे केले. सीमेवरील वाटा जाणणारे, बातमी काढणारे आणि प्रसंगी लढणारे शिपाई त्यात होते. लाल डगला आणि गळ्याशी आवळलेली पट्टी ह्या ब्रिटिश थाटाला फाटा देऊन लम्सडेनने त्यांना ढगळ, मातकट रंगाचे कपडे दिले. आरंभीचे कापड बाजारातून घेऊन स्थानिक रीतीने रंगविले, अशी परंपरा आहे. त्याचा सहकारी विल्यम हॉडसन ह्याने नंतर विलायतेहून तयार कापड मागविले. धुळीच्या मुलखात धुळीसारखे व्हावे, एवढाच त्यामागील विचार होता. फारसीत 'खाक' म्हणजे माती, धूळ. त्यावरून 'खाकी' हे विशेषण. मराठीने 'खाक' घेतला तो मुख्यतः राख ह्या अर्थाने, म्हणून आपल्याकडे घर जळून खाक होते. रंगवाचक 'खाकी' मात्र पलटणीच्या बोलीतून वेगळ्या वाटेने आला. त्यामुळे मराठी भाषकाला ह्या दोन शब्दांचे नाते सहसा जाणवत नाही.

१८५७ च्या उठावात ही प्रांतिक सोय एकाएकी पसरली. उन्हाळ्यात ब्रिटिश पलटणींकडे पांढरे सुती कपडे होते, आणि दिल्लीकडे कूच करताना पांढरा रंग निशाण्यासाठी लाल रंगाइतकाच सोयीचा होता. पलटणींनी हाती लागेल त्यात कपडे बुडविले: चिखल, चहा, कॉफी, शाई. परिणामी एका पलटणीचा रंग तपकिरी, दुसरीचा राखी, तिसरीचा निळसर, असा प्रकार झाला. इंग्रजी कागदपत्रांत ह्या शब्दाचे वर्णलेखनही तितकेच अस्थिर आहे, हा योगायोग भाषाभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. उठाव शमताच अधिकाऱ्यांनी पांढऱ्या व लाल रंगांकडे पुन्हा मोर्चा वळविला. १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात खाकी पुन्हा वर आली. मोठी अडचण रंग टिकण्याची होती, कारण चार धुण्यांत सारी कंपनी पुन्हा फिकट दिसू लागे. १८८४ मध्ये लँकेशायरमधील ॲक्रिंग्टनच्या फ्रेडरिक गॅटी ह्याने पक्क्या खनिज रंगाचे एकस्व घेतले, आणि खाकी वस्त्र खऱ्या अर्थाने कारखान्याचा माल झाले. मंगळूर येथील बासेल मिशनच्या विणकाम कारखान्यातील हॅलर ह्याने त्यापूर्वी तीसेक वर्षे असा रंग सिद्ध केला होता, असेही सांगितले जाते. तो दावा मान्य केला तरी शब्द आणि रंगकल्पना ह्यांचे जन्मस्थान वायव्य सरहद्दच राहते.

खाकीला मान मिळवून दिला तो नव्या दारूने. काळ्या धुराच्या दारूत गोळी कोठून सुटली हे धूरच सांगत असे. शिवाय त्या धुराच्या ढगात आपली पलटण कोणती हे सेनापतीला कळावे म्हणून भडक रंगांचा खरोखर उपयोग होता. लाल डगला हा निव्वळ डौल नव्हता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. धूरविरहित दारू आणि लांब पल्ल्याची रायफल आल्यावर हे गणित उलटले. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश सैन्य खाकीत उतरले. स्कॉटिश पलटणींनी आपल्या परंपरागत घागऱ्यावर पुढून खाकी फडके बांधले, अधिकाऱ्यांनी तलवारी टाकून शिपायांसारख्या रायफली घेतल्या आणि चकाकणारी बटणे झाकली. अधिकारपदाची चिन्हे शत्रूच्या नेमबाजाला आधी वाचता येतात, हा धडा बराच महाग पडला होता.

ह्याच युद्धाच्या उत्तरार्धात पूर्वोक्त अंतर्विरोध उघडा पडला. बोअर हे शेतकरी योद्धे. त्यांना गणवेश नव्हता. अंगावरचे कपडे फाटल्यावर त्यांतील अनेकांनी पकडलेल्या ब्रिटिश शिपायांची खाकी अंगात चढविली. पुष्कळांच्या बाबतीत हे निव्वळ लाजरक्षण होते. पण ब्रिटिश दृष्टीने ते वेषांतर ठरले, आणि खाकीत सापडलेल्या बोअरांना गोळ्या घालण्यात येऊ लागल्या. जो रंग दिसू नये म्हणून निवडला होता, तोच आता 'हा आमचा' असे सांगणारे चिन्ह बनला होता. अर्थाचे असे पालटणे शब्दांच्या इतिहासात परिचयाचे आहे, परंतु तेथे त्याचे मोल प्राणांनी चुकवावे लागत नाही. १९०० मधील ब्रिटिश निवडणुकीला 'खाकी निवडणूक' हे नाव पडले, ते ह्याच अर्थांतराचे दुसरे, सौम्य रूप. १९०२ मध्ये ब्रिटनने मायदेशातील सैन्यासाठीही नवा पोशाख स्वीकारला. त्याचे लोकरी कापड हिरवट तपकिरी होते, तरी त्यालाही खाकीच म्हटले गेले. पेशावरची धूळ मागे राहिली, नाव पुढे गेले. भारतात तर आज 'खाकी' म्हटले की पोलीसच डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि गर्दीत तो लांबून दिसावा हीच त्या पोशाखाकडून अपेक्षा असते.

फ्रान्सने हा धडा घेण्यास विलंब केला. मंजिष्ठी लाल विजार ही तेथे राष्ट्राची खूण मानली जात होती. युद्धमंत्री मेसिमी ह्याने महायुद्धापूर्वी दोन-तीन वर्षे मळकट हिरव्या पोशाखाची सूचना पुढे आणली, तेव्हा वृत्तपत्रांनी आणि एका माजी युद्धमंत्र्याने तिला कडाडून विरोध केला. जुलै १९१४ मध्ये जी तडजोड झाली तीत निळ्या, पांढऱ्या आणि लाल धाग्यांचे एकत्र विणलेले कापड ठरले. दुरून ते करड्या रंगाचे भासेल आणि जवळून त्यात राष्ट्रध्वजाचे तीनही रंग असतील, अशी ती योजना. चिन्हही राहावे आणि लपणेही साधावे, असा इतका प्रांजळ प्रयत्न गणवेशांच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. पण लाल रंगाचे द्रव्य जर्मनीतून येत असे. युद्ध सुरू होताच लाल धागा गळाला. उरलेल्या दोन धाग्यांचा फिकट निळा रंग झाला, तोच पुढे 'क्षितिजनील' म्हणून प्रसिद्धी पावला. तो सैन्याच्या हाती पडेपर्यंत ऑगस्ट १९१४ येऊन गेला होता. त्या महिन्याच्या २२ तारखेला एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले, असे सामान्यतः मानले जाते. हा संहार मुख्यतः तोफा व मशीनगन ह्यांचा होता आणि त्याचे सारे खापर विजारीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि विजारीने त्यांपैकी कोणालाही वाचविले नाही, हेही तितकेच खरे.

एकरंगी कापडाकडून नक्षीकडे जाण्याची प्रेरणा सैनिकांकडून आली नाही; ती चित्रकार व प्राणिशास्त्रज्ञ ह्यांच्याकडून आली. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर ह्याने १८९६ मध्ये एका पक्षिशास्त्रीय नियतकालिकात असे दाखविले की, पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते ते वरून पडणाऱ्या प्रकाशाचा परिणाम पुसण्यासाठी. वरचा उजेड आणि खालची सावली ह्यांमुळे वस्तूला गोलाई येते. रंगाने ती उलटविली की वस्तू सपाट भासते. १९०९ मध्ये आपल्या मुलासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने दुसरे तत्त्वही विस्ताराने मांडले. गडद-फिकट ठळक पट्टे शरीराची बाह्यरेषा तोडतात, आणि डोळा वस्तू ओळखतो तो मुख्यतः बाह्यरेषेवरून. थेअरचा उत्साह त्याच्या विवेकाच्या पुढे धावला. रोहित पक्षीसुद्धा सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठी गुलाबी असतो, असे त्याने प्रतिपादिले आणि थिओडोर रूझवेल्टसारख्या अनुभवी शिकाऱ्याची टीका ओढवून घेतली. तथापि त्याची दोन्ही तत्त्वे टिकली. इंग्लंडच्या ह्यू कॉट ह्याने १९४० च्या आपल्या ग्रंथात त्यांना शास्त्रीय शिस्त दिली, आणि नंतर तो स्वतः मध्यपूर्वेतील ब्रिटिश छद्मावरण विभागात काम करू लागला.

कॉटच्या विवेचनातील एक मुद्दा गणवेशाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बेडूक पाय दुमडून बसला की मांडीवरचा पट्टा पोटरीवरच्या पट्ट्याला अचूक जुळतो आणि दोन अवयवांचा एक अखंड आकार भासतो. म्हणजे नक्षी अवयवाच्या सीमेला जुमानत नाही. शिंप्याच्या कातरीला असे काही साधणे कठीण. कापड गजावर छापले जाते, बाही एका तुकड्यातून निघते तर छाती दुसऱ्यातून, आणि शिवणीवर नक्षी कशी जुळेल हे दैवावर सोडावे लागते. शिवाय मनुष्य उभा चालतो, वळतो, वाकतो. पाठ-पोटाच्या छटा उलटविण्याचे तत्त्व त्याला फारसे लागू पडत नाही. गणवेशासाठी म्हणून उरते ते मुख्यतः बाह्यरेषा तोडण्याचे तत्त्व.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये चित्रकार गिरां द सेव्होला ह्याच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र छद्मावरण विभाग काढला. त्याचे काम मुख्यतः तोफा, पडदे आणि खोट्या झाडांतील टेहळणी-जागा ह्यांवर चाले. पलीकडे जर्मन बाजूस फ्रान्झ मार्क हा चित्रकार तोफांवरची ताडपत्री रंगवीत होता. मार्च १९१६ मध्ये तो व्हर्दंजवळ मारला गेला. कापडावर नक्षी छापून ती सर्रास वाटण्याची सुरुवात इटलीने १९२९ च्या तंबूच्या कापडापासून केली. जर्मनीने १९३१ मध्ये ठिकऱ्यांसारख्या कोनदार आकृत्यांचे कापड आणले, तेही प्रथम तंबूसाठीच. सैनिकाने आडोशासाठी जे अंगावर ओढले, तेच पुढे त्याचे वस्त्र झाले. त्यानंतर जर्मनीत शिक ह्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली वाफेन-एसएस ह्या दलासाठी जे नमुने तयार झाले ते दोन्ही बाजूंनी वापरता येत, एका बाजूस वसंतातील हिरवा रंग आणि दुसऱ्या बाजूस शरदातील तपकिरी. रचनेच्या दृष्टीने ते आपल्या काळाच्या पुढे होते. ते अंगावर घालून ह्या दलाने जी दुष्कृत्ये केली त्यांची आठवण ठेवूनच हे विधान वाचले पाहिजे.

अमेरिकेने १९४२ मध्ये पॅसिफिकमधील युद्धासाठी बेडकाच्या कातडीसारख्या ठिपक्यांचा नमुना काढला. तो उद्यानविद्येवर लिहिणाऱ्या नॉर्व्हेल गिलेस्पी ह्याच्या नावावर आहे. दबा धरून बसलेल्याला तो उपयोगी पडे, परंतु हालचाल होताच ठिपकेच नजरेत भरत, असा अनुभव आला. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीमध्ये एका अमेरिकन चिलखती डिव्हिजनच्या काही तुकड्यांना हाच पोशाख दिला गेला, आणि तेथे वेगळेच संकट उभे राहिले. त्या आघाडीवर ठिपक्यांचे कपडे म्हणजे वाफेन-एसएस, असे समीकरण अमेरिकन शिपायांच्या मनात पक्के झाले होते. स्वकीयांनीच स्वकीयांवर गोळ्या झाडल्या आणि तो पोशाख मागे घ्यावा लागला. येथे नमुना रंगात वा आकारात चुकला नव्हता. त्या रणभूमीवर ठिपक्यांना आधीच एक अर्थ चिकटला होता, आणि तो शत्रूचा होता.

युद्धोत्तर काळात संशोधन वळले ते डोळ्याच्या व्यापाराकडे. अंतर वाढले की लहान ठिपके एकमेकांत मिसळून एकच सरासरी छटा उरते. मोठे डाग जवळून उघडे पडतात. अमेरिकन सैन्यातील मानसशास्त्रज्ञ टिमथी ओ'नील ह्याने १९७० च्या दशकात ह्यावर जो तोडगा काढला तो असा, की लहान चौकोन अशा रीतीने रचावेत की दुरून त्यांचे मोठे डाग बनावेत. जवळच्या डोळ्याला पानांचा पोत दिसावा, दूरच्या डोळ्याला झुडपांच्या सावल्या. चौकोनांना संगणकाच्या पडद्याचे रूप आहे म्हणून ते प्रभावी, हा समज खुळचट आहे. गुण चौकोनात नसून दोन परिमाणांच्या एकत्रीकरणात आहे. ह्या तत्त्वावर प्रथम कॅनडाने आणि त्यानंतर एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मरीन दलाने आपले नमुने सिद्ध केले. मरीन दलाच्या नक्षीत त्याचे गरुड, पृथ्वीगोल आणि नांगर हे बोधचिन्ह अगदी बारीक आकारात विणून टाकले आहे. लपण्याच्या वस्त्रात स्वाक्षरी!

ह्या स्वाक्षरीने जी स्पर्धा जागविली ती उद्बोधक आहे. २००२ पूर्वी अमेरिकेची चारही दले मिळून छद्मावरणाचे दोन नमुने वापरीत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये मोजदाद केली तेव्हा ते सात झाले होते आणि प्रत्येक दलाचे वेगळे होते. भूदलाने २००४ मध्ये वाळवंट, अरण्य आणि शहर ह्या तिन्हींसाठी एकच 'सार्वत्रिक' नमुना जाहीर केला. चौकोन मरीन दलासारखेच, परंतु रंग फिकट करडे-हिरवे आणि गडद छटा वगळलेली. छटांमध्ये पुरेसा विरोध नसल्यामुळे थोड्या अंतरावर सारे चौकोन एक होत आणि उरे ती मनुष्याच्या आकाराची फिकट आकृती. म्हणजे जी बाह्यरेषा तोडावयाची तीच शाबूत. सर्व स्थळी चालणारा रंग कोणत्याच स्थळी चालला नाही. अफगाणिस्तानातील सैनिकांच्या तक्रारींची दखल २००९ मध्ये संसदेला घ्यावी लागली. सैन्याच्याच नॅटिक येथील केंद्राच्या चाचण्यांत इतर नमुने सरस ठरले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी हा नमुना अखेर रद्द झाला. त्याच दिवशी नौदलाचा निळा चौकोनी पोशाखही निवृत्त झाला. जहाजावर त्याने कोणापासून लपावयाचे होते हे कधीच स्पष्ट झाले नाही. पाण्यात पडलेला खलाशी मात्र त्यामुळे दिसेनासा होई, हे खलाशांनी आधीच ओळखले होते.

अफगाण राष्ट्रीय सेनेची कथा ह्याहून खेदजनक आहे. २००७ मध्ये तिच्यासाठी एका खासगी कंपनीचा अरण्य-नमुना निवडण्यात आला. अमेरिकेच्या अफगाण पुनर्रचनाविषयक महानिरीक्षकाने जून २०१७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात नमूद आहे की अफगाणिस्तानच्या भूमीपैकी केवळ २.१ टक्के भाग वनाच्छादित आहे, की निवड करताना त्या भूमीस नमुना कितपत योग्य ह्याचे मूल्यमापन झाले नव्हते, आणि की अमेरिकेच्या मालकीच्या नमुन्यांऐवजी हा घेतल्यामुळे २००८ पासून २ कोटी ८० लाख डॉलरांपर्यंत जादा खर्च झाला असावा. तत्कालीन संरक्षणमंत्र्यांना तो नमुना आवडला होता. आपल्या नव्या सेनेचा वेष इतरांहून निराळा असावा ही इच्छा अगदी समजण्याजोगी आहे. मात्र तिची किंमत उघड्या डोंगरउतारावर गर्द हिरव्या कपड्यांत उभे राहणाऱ्या शिपायाकडून वसूल होत होती. ज्या मुलखाशेजारी पावणेदोनशे वर्षांपूर्वी लम्सडेनने बाजारातले कापड धुळीच्या रंगात बुडविले, तोच हा मुलूख.

भारतीय भूदलाचा नवा युद्धवेष १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात प्रथम दिसला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तो तयार झाला असून त्यात हिरव्या, तपकिरी आणि मातकट छटांचे बारीक चौकोन आहेत. बाजारात जुन्या नमुन्याचे कापड कोणालाही मिळत असे, आणि सैनिकाचा वेष धारण करून लष्करी तळात शिरण्याचे प्रकार देशाने पाहिले होते. म्हणून भूदलाने ह्या नक्षीची आणि पोशाखाची रीतसर नोंदणी करून तिचे हक्क आपल्याकडे घेतले, आणि अनधिकृत उत्पादन व विक्री कारवाईस पात्र ठरविली. लपण्यासाठी तयार केलेली नक्षी अशा रीतीने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एकस्व कार्यालयाच्या अधिकृत पत्रिकेत सर्वांना पाहता येईल अशी छापून प्रसिद्ध झाली.